पंधरा यार्डांची मुभा

‘मूर’ या इंग्रजी शब्दाला मराठीत नेमका शब्द नाही. माळ म्हणावं तर आपला माळ कोरडा असतो आणि मूर वर्षभर ओला. त्यातल्या त्यात जवळचा म्हणजे कोकणातला सडा. उंचावर, झाडं जवळजवळ नाहीत, वारा भरपूर आणि फुलांचे दिवस मोजके. फरक एवढाच की सड्याखाली जांभा असतो आणि मूरखाली पीट. पीट म्हणजे पाण्यात बुडाल्यामुळे पूर्ण न कुजलेल्या वनस्पतींचा काळा, स्पंजासारखा थर. तो वर्षाला साधारण एक मिलीमीटर वाढतो. पायाखाली मीटरभर पीट असेल, तर तुम्ही हजारएक वर्षांवर उभे आहात असं समजायचं.

कंपनीनं मला दोन वर्षांसाठी लीड्सला पाठवलं होतं. तिथं मी एक अकरा वर्षं जुनी, हजार सीसीची हॅचबॅक घेतली. शनिवारी सकाळी ती काढायची आणि दीडेक तासात नॉर्थ यॉर्क मूर्सवर पोचायचं. हटन-ली-होल नावाचं गाव मागे पडलं की ब्लेकी रिजचा रस्ता चढायला लागतो आणि थोड्या वेळात दोन्ही बाजूंचं जग संपतं. उरतं ते डांबर, हीदरची गुडघाभर झुडपं आणि आकाश. ऑगस्टमध्ये सगळं जांभळं, बाकीचं वर्ष तपकिरी.

त्या रस्त्यांवर लहान गाडी चालवण्यासारखा स्वस्त आणि खात्रीचा आनंद मला क्वचित मिळालाय. लहान गाडीच का, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. त्याच रस्त्यावर एका सहकाऱ्याची एसयूव्ही चालवून पाहिली, तेव्हा सगळं लक्ष डाव्या आरशाकडे आणि दगडी भिंतीकडे होतं. मूर दिसलाच नाही. मग मी वाचायला लागले आणि लक्षात आलं की हा आनंद दिसायला निसर्गाचा असला, तरी तो घडलाय कायदे, कर आणि भांडणं यांतून.

झुडपांच्या मोळ्या

आपल्याकडे लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहायचे, तसे उत्तर इंग्लंडमध्ये तट्टांचे तांडे मीठ, लोकर आणि कापड वाहायचे. त्यांच्यासाठी मूरवर दगडी फरशांची एकेरी ओळ टाकलेली असायची, एका तट्टापुरती. वाट चुकू नये म्हणून ठिकठिकाणी दगडी क्रूस उभे केलेले. त्यातला राल्फ क्रॉस आज नॅशनल पार्कचं बोधचिन्ह आहे.

या वाटांचे गाडीरस्ते करणं अवघड होतं, कारण पीटवर काहीही ठेवलं की ते खचतं. हा प्रश्न ज्यांनी सोडवला त्यांत जॉन मेटकाफचं नाव आघाडीवर येतं. जन्म १७१७, गाव नेअर्सबरो, लीड्सपासून फार लांब नाही. सहाव्या वर्षी देवीच्या साथीत त्याचे दोन्ही डोळे गेले. त्यानं व्हायोलिन वाजवून पोट भरलं, लष्करात वादक म्हणून गेला, घोड्यांचा व्यापार केला, मालवाहू गाड्या चालवल्या. आणि १७६५ पासून तो रस्ते बांधायला लागला.

तेव्हाच्या मोठ्या रस्त्यांवर टोल असायचा. पार्लमेंटच्या कायद्यानं ट्रस्ट नेमायचा, ट्रस्टनं कंत्राट द्यायचं, नाक्यावर वसुली करायची. म्हणजे टोलनाक्यावर चिडण्याची परंपरा बरीच जुनी आहे. मेटकाफला अशी कंत्राटं मिळत गेली आणि त्यानं एकूण १८० मैलांच्या आसपास रस्ते बांधले. लांब काठी घेऊन तो जमीन स्वतः चालून तपासायचा.

हडर्सफील्डच्या पुढे, मार्सडनच्या बाजूला, रस्ता दलदलीतून जाणार होता. पीट पूर्ण खणून काढा, असा इतरांचा आग्रह होता. मेटकाफनं उलट केलं. तिथंच उगवणारं हीदर कापून त्याच्या मोळ्या बांधल्या, त्या दलदलीवर रांगेनं पसरल्या, वर आडव्या मोळ्या टाकल्या आणि त्यावर दगड-खडी घातली. रस्ता दलदलीवर तरंगत राहिला. पुढे १८२०च्या दशकाच्या शेवटी जॉर्ज स्टीफन्सननं लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे चॅट मॉसच्या दलदलीवरून नेली, तेव्हा त्यानंही हाच मार्ग धरला.

लहान गाडीशी याचा संबंध असा, की पीटवरच्या रस्त्याखाली आजही बऱ्याच ठिकाणी ठाम जमीन नाही. डांबराला संथ लाटा आलेल्या असतात. कमी वजनाची, आखूड गाडी त्या लाटांवरून होडीसारखी जाते आणि खालची जमीन मऊ आहे हे तुमच्या पाठीला कळतं.

भिंती

मूरच्या कडेनं मैलोन्‌मैल दगडी भिंती दिसतात, चुना किंवा माती न वापरता नुसते दगडावर दगड रचलेल्या. फोटोत फार सुंदर दिसतात. पण त्यातल्या बहुतेक भिंती साधारण १७५० ते १८५० या शंभर वर्षांत उभ्या राहिल्या, आणि त्या का उभ्या राहिल्या हे कळलं की फोटो काढताना हात जरा अडखळतो.

आपल्याकडे गायरान असतं तशी इंग्लंडमध्ये गावाची सामायिक जमीन असायची. मालकी जमीनदाराची असली, तरी गावातल्या माणसांना तिथं मेंढ्या चारायचा, सरपणासाठी पीट कापायचा, झुडपं तोडायचा हक्क होता. ही जमीन कुंपण घालून खासगी करायची, तर पार्लमेंटमध्ये त्यासाठी कायदा करायचा. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून जास्त प्रस्ताव आले आणि ६८ लाख एकर जमीन त्याखाली गेली. हा इंग्लंडच्या क्षेत्रफळाचा पाचवा हिस्सा झाला. ज्यांच्याकडे कागद होते त्यांना वाटा मिळाला. ज्यांच्याकडे फक्त वहिवाट होती, त्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही.

वाटणी करायला नेमलेले आयुक्त नकाशावर नवे रस्तेही आखायचे. म्हणून मूरच्या काठावर एखादा रस्ता अचानक पट्टीनं ओढल्यासारखा सरळ होतो आणि दोन्हीकडच्या भिंती एकमेकींपासून ३०-४० फुटांवर असतात. जुना तट्टांचा रस्ता मात्र ओढ्याच्या, खडकाच्या कलानं वळत जातो. स्टिअरिंगवरच्या हातांना हा फरक लगेच कळतो.

वरचा उघडा मूर शेतीला निरुपयोगी होता. एकोणिसाव्या शतकात तो ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखला जाऊ लागला. ग्राउसला हीदरचे कोवळे कोंब लागतात, म्हणून हीदर पट्ट्यापट्ट्यानं जाळायचं. १२ ऑगस्टला शिकारीचा हंगाम सुरू व्हायचा, अजूनही होतो. हजारो वर्षांपूर्वी इथं जंगल होतं. ते माणसांनी तोडलं, मग मेंढ्यांनी आणि आगीनं झाडं परत येऊ दिली नाहीत. आपण ज्याला रानटी आणि मोकळं म्हणतो, त्या मूरची निगराणी बागेसारखी होत आली आहे. आणि बागेला मालक असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सामान्य माणसाला मूरवर हक्कानं पाय ठेवता येत होता तो मुख्यतः रस्त्यावर आणि मोजक्या पाऊलवाटांवर.

वर्ग, गुणिले चार, भागिले अडीच

१९२१ पासून ब्रिटनमध्ये मोटारीवर अश्वशक्तीप्रमाणे कर लागला, प्रत्येक अश्वशक्तीला वर्षाला एक पौंड. ही अश्वशक्ती खरोखर मोजलेली नसायची, ती सूत्रातून यायची. सिलिंडरचा व्यास इंचांत घ्या, त्याचा वर्ग करा, सिलिंडरच्या संख्येनं गुणा, अडीचनं भागा.

मँचेस्टरला तयार होणाऱ्या फोर्ड मॉडेल टीचा व्यास पावणेचार इंच. चार सिलिंडरांचं उत्तर येतं साडेबावीस. म्हणजे वर्षाला २३ पौंड.

ज्यांनी ऑफिसात एखाद्या मेट्रिकवर बढती ठरताना पाहिलंय, त्यांना पुढची गोष्ट सांगायला नको. सूत्रात व्यास आहे, पण पिस्टन किती लांब धावतो ते नाही. म्हणून ब्रिटिश इंजिनं बारीक आणि लांब झाली. अशी इंजिनं फार वेगानं फिरत नाहीत, पण कमी वेगात चिवटपणे ओढतात. चढावर उपयोगी पडतं ते हेच.

हर्बर्ट ऑस्टिननं याच काळात एक अगदी लहान गाडी करायची ठरवली. त्याच्याच कंपनीच्या संचालकांना ते पसंत नव्हतं. मग त्यानं कारखान्यातला स्टॅन्ली एज नावाचा अठरा वर्षांचा ड्राफ्ट्समन घरी बोलावला आणि बिलियर्ड्सच्या खोलीत दोघांनी मिळून नकाशे काढले. १९२२ मध्ये ऑस्टिन सेव्हन आली. सिलिंडरचा व्यास थोड्याच दिवसांत २.२ इंच झाला, म्हणजे सूत्रानं आठच्या आत. इंजिन ७४७ सीसी. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर जेमतेम ४० इंच. आकार मोटरसायकलच्या साइडकारपेक्षा फार मोठा नव्हता, पण चार चाकं, चारही चाकांना ब्रेक आणि डोक्यावर छप्पर. १९३९ पर्यंत सुमारे २ लाख ९० हजार गाड्या विकल्या गेल्या. शिक्षक, कारकून, दुकानदार अशा माणसांची ती पहिली मोटार होती.

मूरचा रस्ता एका तट्टापुरता किंवा एका छकड्यापुरता होता. आता त्या मापाची मोटार आली. मूरसाठी असा कुणी विचार केला नव्हता. कर वाचवायला केलेली गाडी रस्त्याच्या मापात बसली, इतकंच.

पंधरा यार्ड

१९३०च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टनं गाड्यांवरची ताशी २० मैलांची जुनी मर्यादा काढली आणि विमा सक्तीचा केला. त्याच कायद्यात एक छोटं कलम होतं. सामायिक जमीन, मूर किंवा रस्ता नसलेल्या कुठल्याही जमिनीवर परवानगीशिवाय मोटार नेता येणार नाही. अपवाद एकच: गाडी उभी करण्यापुरतं रस्त्यापासून पंधरा यार्डांपर्यंत आत गेलं, तर तो या कलमाखाली गुन्हा नाही. पंधरा यार्ड म्हणजे १३.७ मीटर. आजच्या १९८८च्या कायद्यातही हे कलम आहे, आणि ‘मूरलँड’ हा शब्द त्यात सरळ लिहिलेला आहे.

गाडीवाल्याचा विचार कायद्यानं निदान पंधरा यार्डांपुरता केला होता. चालणाऱ्याला तर मूरवर येण्याचा हक्कच नव्हता.

मँचेस्टर आणि शेफील्डच्या मधे किंडर स्काउट नावाचा मूर आहे. दोन्हीकडच्या गिरण्या-कारखान्यांतली मुलं रविवारी तिथं फिरायला जायची आणि शिकारीच्या जमिनीचे राखणदार त्यांना हाकलायचे. २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे ४०० जण जाहीर सांगून, ठरवून वर चढले. पुढारी होता बेनी रॉथमन, वय २०, गॅरेजात काम शिकलेला आणि तेव्हा बेकार. स्टेशनवर पोलीस असतील म्हणून तो सायकलनं आला. वर राखणदारांशी झटापट झाली. सहा जणांना पकडलं, त्यातल्या पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. रॉथमनला चार महिने. मोटारी दुरुस्त करणारा हा मुलगा स्वतः मोटार घेऊ शकत नव्हता आणि गवतावर चालला म्हणून तुरुंगात गेला.

या शिक्षांमुळे उलट लोकांची सहानुभूती वाढली. १९४९ मध्ये नॅशनल पार्कांचा कायदा आला. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे पहिलं नॅशनल पार्क झालं आणि १९५२ मध्ये नॉर्थ यॉर्क मूर्स. उघड्या मूरवर कुठंही चालण्याचा हक्क मिळायला मात्र २००० सालचा कायदा यावा लागला. त्याखाली इंग्लंडची सुमारे ८ टक्के जमीन येते. १९३२ मध्ये किंडरची मालकी असलेल्या ड्यूकच्या नातवानं २००२ साली त्या घटनेबद्दल जाहीर माफी मागितली.

दहा इंची चाक

जुलै १९५६ मध्ये नासेरनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. युद्ध झालं, कालवा बंद पडला आणि डिसेंबरपासून ब्रिटनमध्ये पेट्रोलवर रेशनिंग आलं. रस्त्यांवर जर्मन तीनचाकी बबल गाड्या दिसायला लागल्या. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना त्या सहन होईनात. त्यांनी अ‍ॅलेक इसिगोनिसला सांगितलं, नीट चारचाकी, लहान गाडी कर.

इसिगोनिसचा जन्म १९०६ मध्ये स्मर्ना इथला, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमिर. १९२२ मध्ये युद्धामुळे कुटुंबाला शहर सोडावं लागलं. ऑस्टिन सेव्हन आली त्याच वर्षी तो निर्वासित झाला. ब्रिटनमध्ये तो इंजिनिअरिंग शिकला, गणितात तीनदा नापास झाला, आणि तरुणपणी ऑस्टिन सेव्हनवर स्पर्धा खेळला. १९४८ची मॉरिस मायनर त्याचीच. ती हिंदुस्थान मोटर्सनं आपल्याकडे ‘बेबी हिंदुस्थान’ नावानं आणली होती.

२६ ऑगस्ट १९५९ रोजी मिनी आली. लांबी तीन मीटरच्या जरा वर, रुंदी १.४१ मीटर. त्यानं इंजिन आडवं ठेवलं, गिअरबॉक्स इंजिनच्या खाली त्याच तेलात बसवला, पुढची चाकं ओढती केली आणि चाकं केली फक्त दहा इंची. सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगऐवजी अ‍ॅलेक्स मोल्टननं तयार केलेले रबराचे शंकू. गाडीनं व्यापलेल्या जागेतली ८० टक्के जागा माणसं आणि सामानाला मिळाली. चाकं अगदी चार कोपऱ्यांत गेल्यामुळे ती वळणावर अशी चिकटून जायची, की १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये तिनं मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकून मॉन्टे कार्लो रॅली जिंकली.

माझ्या बाबांची मारुती ८०० रुंदीला १.४४ मीटर होती. इंजिन आडवं, ओढती चाकं पुढची. वरंधा घाटात समोरून एसटी आली की बाबा ती डोंगराला चिकटवून उभी करायचे आणि एसटी निघून जायची. इझमिरच्या एका निर्वासितानं रूढ केलेली मांडणी आमच्या घाटातही उपयोगी पडत होती.

तिसऱ्या गिअरमध्ये

आता पुन्हा मूरवर. कायद्यानं तिथं बहुतेक रस्त्यांवर ताशी ६० मैल चालतात. खरं तर तीस-पस्तीसच्या पुढे जावंसं वाटत नाही. मेंढ्यांना कुंपण नसतं. कुठल्या भागात चरायचं हे कोकरू आईकडून शिकतं आणि तो भाग सोडत नाही. त्या भागातून रस्ता जातो ही रस्त्याची अडचण. ऊन असलं की मेंढ्या गरम डांबरावर बसतात आणि तुम्ही थांबता. खिडकी उघडी असते, कर्ल्यू पक्ष्याची लांबत जाणारी शीळ ऐकू येते. बर्फात रस्ता सापडावा म्हणून कडेला उंच खांब लावलेले असतात.

रोझडेल चिमनी बँक नावाचा उतार आहे, चढ तीनास एक. एकेकाळी वर लोखंडाच्या खाणींचं धुराडं होतं, त्यावरून नाव पडलं. १८६१ ते १९२९ या काळात इथून खनिजाची रेल्वे धावायची. खालून माझी हजार सीसी पहिल्या गिअरमध्ये चढायची तेव्हा बॉनेटपलीकडे फक्त आकाश दिसायचं. शक्तीची मजा वेगळी असते. इथली मजा गाडीकडे जेवढं आहे तेवढं सगळं वापरण्याची.

एकेरी रस्त्यावर थोड्या थोड्या अंतरानं बाजू द्यायची जागा असते. समोरून गाडी दिसली की ज्याला जवळ पडेल तो तिथं थांबतो, दुसरा जाताना स्टिअरिंगवरून चार बोटं उचलतो. आपल्या घाटात हे काम हॉर्न करतो. बोलणं तेच असतं.

परतताना धुकं उतरलं की मोठ्या रस्त्यावर कॅट्स-आय मदतीला येतात. ते हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉनं १९३४ मध्ये पेटंट केले. तो रस्तेदुरुस्तीचं काम करायचा. त्याच्या दिव्यांना वीज लागत नाही. वरून चाक गेलं की रबर दबतं, आत साठलेलं पावसाचं पाणी काचेवर येतं आणि काच पुसली जाते. गाडी जाता जाता मागच्या गाडीसाठी दिवा स्वच्छ करून जाते.

रुंदी

आजची मिनी १.७ मीटरपेक्षा रुंद आहे. बाकी गाड्या त्याहून. रस्ता रुंद होऊ शकत नाही, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला पीट. मोठ्या गाड्या बाजू देताना गवतावर चढतात, कडा खचते, चर पडतो, चरात पाणी वाहतं. पीट उघडं पडून वाळलं की हजार वर्षं साठवलेला कार्बन हवेत जातो. गाडीच्या धुरातून जातो तो वेगळा. हा आनंद कुणाला फुकट पडत नाही, हे मला ठाऊक आहे. लहान गाडी किंमत कमी करते, शून्य नाही.

तरीही लहान गाडीची बाजू मी घेईन. रुंद गाडी रस्त्याकडे जागा मागत राहते. लहान गाडी मिळालेल्या जागेत बसते आणि समोरच्यालाही जाऊ देते. सगळ्यांच्या मालकीच्या त्या अरुंद पट्टीवर इतकी अपेक्षा रास्त आहे.

माझ्या आजोळच्या गायरानाला आता अर्ध्याहून जास्त तारेचं कुंपण आहे. कोकणात जावं तर सड्यांवर प्लॉटचे दगड दिसतात. तिथून जाणारा डांबरी रस्ता तेवढा सगळ्यांचा राहिलाय, आणि गाडीत बसलेल्या माणसाला सगळंच मोकळं असल्यासारखं वाटतं. इंग्लंडच्या मूरनं मला शिकवलं ते हे, की मोकळं दिसणं आणि मोकळं असणं वेगळं. पहिल्याला रस्ता पुरतो. दुसऱ्यासाठी चारशे माणसांना चढून जावं लागलं आणि पुढं ६८ वर्षं थांबावं लागलं.

गाडीला पंधरा यार्ड दिलेत, ते पुरेसे आहेत. तिथं ती उभी करायची, हँडब्रेक नीट ओढायचा आणि पुढं पायी जायचं.